रंगाच्या शेडमधला दमा

गाड्यांना मारायच्या पीयू (पॉलियुरेथेन) पेंटच्या हार्डनरमुळे मला दमा झाला. हे वाक्य डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी कागदावर यायला दोन वर्षांच्या वर काळ गेला. त्या काळात काय काय झालं ते सगळं लिहून काढतोय. कुर्ला, कालिना, साकीनाका, जोगेश्वरी या पट्ट्यात माझ्यासारखे हातात रंगाची स्प्रे गन धरून उभे राहणारे शेकड्यांनी आहेत. त्यातले कितीतरी जण रात्री अंथरुणात उठून खोकत बसतात आणि सकाळी पुन्हा शेडमध्ये जातात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचलं, किंवा त्यांच्या घरच्यांनी वाचलं, तर माझे गेलेले महिने त्यांचे जाणार नाहीत.

मी या धंद्यात आलो तेव्हा काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रंगायला यायच्या. पासिंगच्या आधी नुसती रांग लागायची. तेव्हा सिंथेटिक नाहीतर एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारायचो. थिनरने डोकं दुखायचं, हात कोरडे पडायचे, पण छाती कधी भरली नाही. मग मेटॅलिक रंगाच्या गाड्या वाढल्या, विम्याची कामं वाढली, गिऱ्हाईकाला कंपनीसारखी चकाकी हवी झाली आणि सगळीकडे पीयू आलं. पीयू म्हणजे दोन डब्यांचं काम. एका डब्यात लॅकर, म्हणजे चकाकीचा वरचा थर, दुसऱ्यात हार्डनर, म्हणजे तो थर कडक करणारं रसायन. आमच्याकडे लॅकरचे दोन भाग, हार्डनरचा एक, वर थिनर बेताने. खुणा केलेल्या पट्टीवर बघून मगमध्ये ढवळायचं, गाळणीतून गनच्या कपात ओतायचं आणि घट्ट व्हायच्या आत मारून मोकळं व्हायचं. सुकल्यावर जो थर बसतो त्याला तोड नाही. आरशासारखी चकाकी येते, पेट्रोल सांडलं तरी डाग पडत नाही. माझ्या हाताच्या लॅकरला पूर्ण गल्लीत नाव होतं आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

हार्डनरचा डबा मी वर्षानुवर्षं हाताळला. तो लहान असतो आणि झाकण फार घट्ट लावावं लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात झाकण जरा सैल राहिलं की आतला पातळ माल दाटतो, तोंडाशी पांढरे खडे धरतात आणि डबा फुगतो. हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा त्याचं रूप पालटतं. आम्ही तेवढंच जाणत होतो, की ओल लागली तर माल वाया. तोच माल बारीक तुषार होऊन आपल्या ओल्या नाकात, घशात, फुफ्फुसात गेल्यावर काय करत असेल, हा विचार शेडमध्ये कोणी बोलून दाखवला नव्हता. डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचून दाखवणारा कोणी नव्हता.

आमचं बूथ म्हणजे पत्र्याची खोली, पुढे ताडपत्रीचा पडदा, मागे एक एक्झॉस्ट पंखा. पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून पंख्यासमोर प्लायचा तुकडा. तोंडाला रुमाल, पुढे पुढे कागदी मास्क. बॉनेट मारून झालं की मास्क खाली ओढून ट्यूबलाइटच्या उजेडात तिरकं बघायचं, कुठे रन (ओघळ) आला का, कुठे संत्र्याच्या सालीसारखं उठलं का. नेमक्या त्या वेळी हवेत धुकं तरंगत असतं. डोळ्यांना ते दिसेनासं झालं तरी संपलेलं नसतं, हे मला पुढे कळलं.

२०१६ च्या पावसाळ्यात सुरुवात झाली. आधी नाक गळायचं, डोळे चुरचुरायचे. मग रात्रीचा खोकला. दिवसा कामावर फारसं काही नसायचं, म्हणून तर कोणाला संशय आला नाही. संध्याकाळी घरी आलो, जेवलो, आडवा झालो की छातीवर दाब यायचा. रात्री दोन-अडीचच्या सुमाराला खोकल्याची अशी उबळ यायची की उठून खिडकीशी जायचं, गजाला धरून वाकायचं आणि श्वास बाहेर सोडायची वाट बघायची. श्वास आत जायचा, बाहेर पडताना अडायचा, शिट्टीसारखा आवाज यायचा. बायको पाठीवरून हात फिरवत बसायची. मुलगी बारावीला होती, तिची झोप मोडायची. भाड्याची एकच खोली, खोकला लपवणार कुठे?

घराजवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, सिरप दिलं. बरं वाटलं नाही तसं थुंकीची तपासणी झाली. मुंबईत दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हटलं की आधी टीबीच बघतात आणि ते योग्यच आहे. थुंकी स्वच्छ निघाली, छातीचा एक्सरे साफ. मग ॲलर्जिक ब्राँकायटिस असं नाव पडलं. धूळ टाळा, थंड पिऊ नका, हवामान बदललंय. कोणी म्हणालं ॲसिडिटी वर येत असेल. मी विडी-सिगारेट ओढत नाही हे प्रत्येकाला सांगावं लागायचं आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जरा अविश्वास दिसायचा. या सगळ्या फेऱ्यांत काय काम करता हे दोघांनी विचारलं. मी गॅरेजमध्ये म्हटलं, त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढे सरकले.

गणपतीला गावी गेलो, लांज्याकडे. तिथे तिसऱ्या-चौथ्या रात्री मला सलग झोप लागली. विसर्जनापर्यंत तर पंपाची, म्हणजे इनहेलरची, आठवणसुद्धा राहिली नाही. आई म्हणाली, "बघ, गावच्या पाण्याचा गुण." मुंबईला परत आलो, पहिला दिवस बरा गेला, दुसऱ्या रात्री जरा खोकला, आठवडा संपेपर्यंत पुन्हा खिडकीशी. पुढच्या शिमग्यालाही तसंच झालं. घरात सगळ्यांचं एकमत झालं की मुंबईची हवा मला सोसत नाही. पण मी जन्मलो लालबागला, वाढलो लालबागला. ही हवा मला चाळीस वर्षं सोसली होती.

इथे वडिलांविषयी लिहायला हवं. ते गिरणीत कार्डिंग खात्यात होते, ८२ च्या संपापर्यंत. कापसाचा धुरळा फुफ्फुसात जाऊन त्यांना बिसिनोसिस झाला होता. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पाळी भरताना त्यांची छाती आवळून यायची, आठवड्याच्या शेवटी सैल व्हायची. चाळीत अशी बरीच माणसं होती आणि सोमवारचा दमा ही त्यांच्या बोलण्यातली रोजची गोष्ट होती. माझं उलटं होतं. माझा सोमवार ठीक आणि शनिवार सर्वांत वाईट. त्यामुळे बाबांचं दुखणं आणि माझं दुखणं यांचा काही संबंध असेल असं घरात कोणाच्या मनात आलं नाही. दोघांचंही मूळ कामाच्या जागेत होतं.

एका शनिवारी रात्री ओठ निळसर पडले. बायकोने रिक्षा केली आणि पालिकेच्या रुग्णालयात नेलं. नेब्युलायझर लावला, स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं, सकाळी छातीच्या ओपीडीचा कागद हातात ठेवला. त्या ओपीडीत एक तरुण निवासी डॉक्टर होत्या. बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली, तरी त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "काका, काम काय करता? नुसतं गॅरेज नको, दिवसभरात हाताने काय काय करता ते सांगा."

मी सांगितलं. पुट्टी, पेपर मारणं, सरफेसर, बेस, लॅकर.

"सुट्टीत कसं असतं?"

मी गावचं सांगितलं. त्यांनी आपल्या वरिष्ठ डॉक्टरांना, सरांना, बोलावलं. सरांनी एवढंच म्हटलं की रंगाच्या दोन्ही डब्यांचे फोटो आणा, मागच्या बाजूचे, सगळी अक्षरं वाचता येतील असे. पुढच्या वेळी मोबाईलवर ते मोठे करून त्यांनी मला बोटाने दाखवलं: हेक्सामिथिलीन डायआयसोसायनेट. लॅकरच्या डब्यावर ते नव्हतं, हार्डनरच्या डब्यावर होतं.

आयसोसायनेट म्हटल्यावर बायको घाबरली. तिने ते नाव भोपाळच्या बातम्यांत ऐकलेलं. ती सरळ म्हणाली, "म्हणजे तोच गॅस?" सरांनी बसवून समजावलं. १९८४ मध्ये भोपाळला फुटला तो मिथाईल आयसोसायनेट. तो फार लवकर उडणारा, एका रात्रीत हजारोंच्या फुफ्फुसांना आतून भाजणारा. रंगात असतो तो त्याच कुळातला पण वेगळा, जड, सहसा एवढ्यातेवढ्याने न उडणारा. गनच्या दाबाने त्याचे तुषार होतात तेव्हा तो छातीत पोचतो. तो एका दमात मारत नाही. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं शरीर त्याला सोसतं आणि मग एक दिवस शरीराची सहनशक्ती उलटते. त्यानंतर अगदी नखभर मात्रासुद्धा श्वासनलिका आवळायला पुरते. भोपाळनंतर मुंबईत आलेल्या वायुग्रस्तांची फुफ्फुसं केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत यांनी तपासली होती आणि १९८५ मध्ये त्यावर लिहिलंही होतं, हे मला तिथेच कळलं. हेच कामत गिरणी कामगारांच्या बिसिनोसिसवरही काम करत होते. बाबांच्या पिढीच्या छातीला ज्यांनी स्टेथोस्कोप लावला त्यांचं नाव माझ्या दुखण्यात पुन्हा आलं. मला भरून आलं.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. नुसत्या दम्याची गोळी देऊन सोडायचं नव्हतं, दमा कामामुळेच आहे हे दाखवायचं होतं. त्यासाठी सर्वांत कामाचं ठरलं ते एक प्लास्टिकचं नळकांडं, श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारं, पीक फ्लो मीटर. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, तोंडात नळी धरून एका झटक्यात फुंकायचं. काटा सरकतो तो आकडा लिहायचा. प्रत्येक वेळी तीनदा फुंकायचं आणि तिन्हींतला मोठा आकडा धरायचा. दिवसातून किमान चारदा: उठल्यावर, दुपारी, काम सुटल्यावर, झोपताना. रात्री खोकल्याने जाग आली तर तेव्हाही. श्वास मोकळा करणारा निळा पंप घ्यायचा असेल तर आधी फुंकायचं. औषधं मधेच वाढवायची-कमी करायची नाहीत. मीटर एकच, बदलायचा नाही. समोर एक रकाना, त्या दिवशी काय काम केलं त्याचा. लॅकर मारलं, नुसतं घासकाम होतं, रजा होती. कामाचे आठवडे हवेत आणि सलग रजेचेही हवेत, त्याशिवाय तुलना होत नाही. त्या निवासी डॉक्टर मॅडमनी सांगितलं, "आकडे खरे लिहा. चुकलं तर रिकामं सोडा. अंदाजाने भरू नका."

शेडमधली पोरं सुरुवातीला बघत राहायची. एकजण रोज विचारायचा, "दादा, आज कितना आया?" मग त्याची सवय झाली. लेकीने माझ्या वहीवरून आलेखाच्या कागदावर ठिपके काढले आणि जोडले. गावी आणि घरी असतानाचे आकडे चारशे ऐंशीच्या आसपास, सकाळ-संध्याकाळ जवळजवळ सारखे, रेघ सपाट. कामाच्या आठवड्यात सोमवारी साडेचारशे, मग रोज थोडं खाली, शनिवारी संध्याकाळी तीनशे तीस, पहाटे तीनच्या आसपास दोनशे नव्वद. रविवारी रेघ जरा वर चढायची आणि पुन्हा घसरायची. दोन वर्षं मी तोंडाने सांगत होतो ते त्या कागदावर कोणालाही दिसत होतं. मॅडमनी तो कागद केसपेपरला टाचला आणि लेकीला विचारलं, "तू काढलास? छान काढलास." ती पुढे कॉमर्सला गेली, पण तो आलेख तिने अजून जपून ठेवलाय.

फुंकायची मोठी टेस्ट, स्पायरोमेट्री, आधी एकदा रजेत झाली होती आणि नॉर्मल आली होती. मॅडमनी ती मुद्दाम शनिवारी कामावरून येऊन करायला लावली. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा दोन लिटर शंभर, पंप दिल्यानंतर दोन लिटर सहाशे. बारा टक्के आणि दोनशे मिलिलिटरच्या वर सुधारली तर दमा धरतात, माझी जवळपास त्याच्या दुप्पट सुधारली. टेस्ट कुठल्या दिवशी केली यावर किती अवलंबून असतं बघा. रजेतला तो नॉर्मल कागद दाखवून एखाद्याने मला खोटं पाडलं असतं. आयसोसायनेटच्या विरोधातली रक्ततपासणी असते, पण दमा असलेल्या बऱ्याच जणांत ती नकारात्मकच येते, म्हणून त्यावर भिस्त ठेवायची नाही, असं सरांनी आधीच सांगितलं होतं. ते रसायन मोजून हुंगवून बघायची एक तपासणी आहे. ती खास ठिकाणीच, फार काळजीने करतात. माझ्या बाबतीत वही आणि स्पायरोमेट्री पुरली.

कामानंतर तासाभरात त्रास होणारे असतात, तसेच चार ते आठ तासांनी होणारेही असतात. मी दुसऱ्या गटातला. दुपारी मारलेलं लॅकर रात्री उठवायचं. म्हणून दिवसा शेडमध्ये मी ठणठणीत दिसायचो आणि शेठला वाटायचं हा नाटक करतो.

सरांनी सल्ला एका वाक्यात दिला: या रसायनाशी संबंध पूर्ण तोडा, जितक्या लवकर तोडाल तितकं फुफ्फुस परत मिळेल. त्रास सुरू झाल्यावरही काम चालू ठेवणाऱ्यांचा दमा काम सोडल्यानंतरही बऱ्याचदा कायमचा राहतो. मी विचारलं, चांगला मास्क घेतला तर? तेव्हा त्यांनी मास्कविषयी सांगितलं ते प्रत्येक पेंटरने ऐकायला हवं. आयसोसायनेटचा वास यायला लागतो तोपर्यंत हवेतली मात्रा सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेली असते. काडतुसाचा (गाळणीची डबी लावलेला) मास्क आतून संपला तर तो संपलाय हे नाकाला कळत नाही. म्हणून गनने मारताना बाहेरून नळीने स्वच्छ हवा येणारा मास्क लागतो, बूथ नीट हवा ओढणारं लागतं आणि काम संपलं तरी आतली हवा साफ होईपर्यंत मास्क तोंडावरून काढायचा नाही. आम्ही मास्क खाली ओढून चकाकी बघायचो तो क्षण सर्वांत वाईट. हातमोजेही हवेत, कारण कातडीवाटेसुद्धा शरीर या रसायनाला बिथरतं. आणि हे सगळं अजून न बिघडलेल्या माणसासाठी. माझ्यासारखा एकदा बिथरलेला असेल तर त्याने मास्कच्या भरवशावर राहू नये. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून असा माल कामात वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावंच लागतं. आमच्याकडे डबा हातात देतात आणि गाडी संध्याकाळी द्यायचीय म्हणतात.

हातावरचं पोट असलेल्या माणसाला काम सोड सांगणं सोपं नसतं, हे सरांनाही ठाऊक होतं. शेठने मला मास्किंग (न रंगवायच्या भागावर कागद चिकटवणं) आणि घासकामावर टाकलं. पगार कमी केला. पण शेड एकच. पडद्यापलीकडे दुसरा लॅकर मारायचा आणि अलीकडे माझी वही घसरायची. एकदा पत्रा ठोकणाऱ्या डेंटरने जुन्या रंगावरच गॅसचं वेल्डिंग लावलं. नीट सुकलेलं पीयू तसं निरुपद्रवी असतं, पण तापवलं की त्यातून पुन्हा आयसोसायनेट सुटतं. त्या रात्री मी पुन्हा इमर्जन्सीत होतो. त्यानंतर मी शेडमध्ये पाऊल ठेवलं नाही.

आता कागदांविषयी, कारण रोगापेक्षा कागदांनी जास्त दमवलं. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती आणि त्यात आयसोसायनेटची विषबाधा नावानिशी होती. असा रुग्ण दिसला तर डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकांना कळवायचं, हे कलम ८९ मध्ये होतं. आमच्या मॅडमनी ते पत्र केलं, न मागता. मात्र आमच्यासारखी बरीच गॅरेजं कागदावर कारखाना नसतातच. माणसं कमी दाखवायची, झालं. मस्टरवर माझ्या नावापुढे वीसेक वर्षं हेल्पर लिहिलेलं होतं. ज्याच्या हाताच्या लॅकरसाठी गिऱ्हाईक ताडदेवहून यायचं तो माणूस कागदावर झाडूपाणी करणारा! मी स्प्रे मारत होतो याचा पुरावा मलाच गोळा करावा लागला. रंगाच्या दुकानाची माझ्या सहीची चलनं, गिऱ्हाईकांनी काढलेले फोटो, दोन जुन्या सहकाऱ्यांची लेखी निवेदनं. एकाने निवेदन दिल्यावर त्याचं काम गेलं. त्याला मी कधी विसरणार नाही.

माझा ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जायचा हे नशीब. तोही सगळ्यांचा कापत नव्हते. आजारपणाच्या काळात पगाराच्या सत्तर टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते, त्यावर आम्ही तगलो. कामामुळे आलेल्या कायमच्या अपंगत्वाचा दावा वेगळा असतो, त्याला वैद्यकीय मंडळ लागतं, तो माझा अजून चालू आहे. त्या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली. केसपेपरवर नुसतं दमा लिहिलं असतं तर दार तिथेच बंद झालं असतं. मॅडमनी लिहिलं होतं: व्यवसायजन्य दमा, आयसोसायनेटचा संपर्क, पीक फ्लो नोंदी सोबत. प्रत्येक टेबलावर तीच ओळ उपयोगी पडली. ज्यांना असा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांकडे ती ओळ मागून घ्यावी, त्यात मागे-पुढे बघायचं कारण नाही. आणि मस्टरवर आपल्या नावापुढे काय लिहिलंय तेही आजच बघावं.

हल्ली मी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असतो. पैसे आधीच्या निम्मे. सकाळ-संध्याकाळ स्टेरॉईडचा पंप चालू आहे. पंपाची सवय लागते असं शेजारीपाजारी सांगतात, त्यांना मी सांगतो की औषध थेट छातीत जातं म्हणून मात्रा कमी लागते आणि त्यावरच मी रात्रभर झोपतो. आकडा आता साडेचारशेच्या आसपास राहतो. कोणी ताजी रंगवलेली गाडी घेऊन दुकानापुढे उभा राहिला तर मी आत जातो. जिने चढताना मधे थांबतो. पूर्ण बरा झालेलो नाही आणि सरांनी तशी खात्रीही दिली नव्हती.

माझी गन आता ज्या पोराच्या हातात आहे तो मागच्या महिन्यात दुकानात आला. नाक गळतंय, रात्री जरा खोकला येतो, म्हणाला. सुट्टीत? सुट्टीत नाही येत. मी त्याला माझा जुना मीटर दिला नाही, नवा घ्यायला लावला, आणि वहीचे रकाने आखून दिले. लॅकरचा दिवस, घासकामाचा दिवस, रजेचा दिवस. ब्रिटनमध्ये अशा पेंटरांची पाळी संपल्यावर लघवी तपासून शरीरात किती आयसोसायनेट गेलं ते बघतात, तशी सोय इथल्या गल्लीत व्हावी म्हणून मी दिसेल त्याला सांगतो. तोवर वही आहे. त्याच्या पहिल्या दोन आठवड्यांची रेघ शनिवारकडे खाली जातेय. येत्या मंगळवारी छातीच्या ओपीडीला त्याच्यासोबत मी जाणार आहे. डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो त्याने काढून ठेवलेत.